संघटना, संघ की युनियन? पत्रकात काय छापायचं?

धुऱ्यावरची:
पांढरकवड्याकडच्या गावांमध्ये कापूस वेचणाऱ्या आणि जिनात (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) काम करणाऱ्या बायांसाठी आम्ही एक पत्रक काढतोय. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि 'फ्रीडम ऑफ असोसिएशन', म्हणजे एकत्र येऊन संघटना बांधायची मोकळीक, याच्यापाशी घोडं अडलंय. मी 'संघटनेचे स्वातंत्र्य' लिहिलं. वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, "संघटना त् पाटलाची हाय बाई, तिले आनखी कायचं स्वातंत्र्य पायजे?" आमच्या भागात नुसतं 'संघटना' म्हटलं की शेतकरी संघटना, छातीवर लाल बिल्ला. ज्याच्या वावरात रोजानं जायचं त्याची ती संघटना. 'संघ' म्हणावं तर एक नागपूरचा आणि दुसरा तालुक्याचा खरेदी-विक्री संघ. 'मंडळ' भजनी नाहीतर गुरुदेव सेवा मंडळ. 'गट' म्हणजे बचत गट. सगळे शब्द आधीच कुणी ना कुणी अडवून ठेवलेत. गुरुवारी छपाई आहे, सुचवा.

वणीकर:
ताई, संविधानाच्या मराठी प्रतीत कलम १९(१)(ग) मध्ये 'अधिसंघ वा संघ बनविण्याचा' हक्क आहे. कायद्याचा शब्द तोच, तोच छापा. उद्या कोणी आडवं आलं तर कलम दाखवता येईल.

धुऱ्यावरची:
भाऊ, कलम पत्रकात टाकतेच. पण 'अधिसंघ' मलाच दोनदा वाचावा लागला. दिवसभर वेचून आलेल्या बाईला तो कसा कळावा?

पुलगावकर:
'युनियन' लिहा. माझे वडील पुलगावच्या गिरणीत होते. घरात 'कामगार संघ' हा शब्द कधी ऐकला नाही. 'युनियनची पावती फाडली' म्हणायचे, म्हणजे वर्गणी भरून सभासद झालो. पगाराच्या दिवशी गेटबाहेर टेबल लागायचं, वडील पावती घडी करून रेशनकार्डात ठेवायचे. त्या पावतीला घरात मान होता.

मायबोली प्रथम:
म्हणजे पुन्हा इंग्रजीच. असं एकेक सोडत गेलो तर मराठीत उरेल काय? 'एकजूट', 'श्रमिक सभा' असे किती चांगले शब्द पडून आहेत. ग्रामसभा सगळ्यांना कळते, मग 'मजूर सभा' का कळणार नाही?

पुलगावकर:
'मजूर' फारसी, 'मुकादम' अरबी, 'कामगार'मधला 'गार' फारसी. हे सगळे आपलेच ना? तसाच शंभर वर्षं तोंडात असलेला 'युनियन'. युनियनचा कायदाच १९२६ साली आला.

मायबोली प्रथम:
जुने आले म्हणून नव्यांनाही दार उघडं, हे मला पटत नाही.

निवृत्त मास्तर, आर्वी:
सगळे संघटना-युनियनमध्ये अडकलेत, माझं मन 'संप' शब्दावर आहे. आर्वीच्या बाजारात गुजराती अडत्यांच्या शेजारी वाढलो. त्यांच्या घरात 'संप' म्हणजे एकोपा. 'भावाभावांत संप आहे' म्हणजे भाऊ गुण्यागोविंदाने राहतात. आपण मात्र काम बंद केलं की संप म्हणतो. माझं मत असं, की मराठीतही मुळात एकीच असणार. नाहीतर आपण 'संप फोडला' का म्हणतो? फुटते ती एकी. बंद पडलेलं काम कसं फुटेल?

वणीकर:
मास्तर, पण 'संप मिटला'ही म्हणतो. एकी मिटली म्हणून कोणी पेढे वाटेल का?

निवृत्त मास्तर, आर्वी:
मिटतं ते भांडण, तो वापर मागून चिकटला. यावर माझं तुमचं जमणार नाही. पण १९३८ साली मुंबई विधिमंडळात संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काशीच जोडला होता, आणि ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध संपही झाला. ज्यांना 'संप' शब्द छापायला जड जातो त्यांनी हे आठवावं.

झाडीपट्टी:
तिकडं 'हरताळ'सुद्धा बघा. पोथीतलं अक्षर चुकलं की वर हरताळ, म्हणजे ती पिवळी भुकटी, लावून खोडायचे. म्हणून 'हक्कांना हरताळ फासला'. आणि हिंदीतली हडताल म्हणजे हाटाला ताळं. दोन्ही वेगळे, पण पेपरवाले सर्रास एक करतात.

धुऱ्यावरची:
वाचायला छान वाटतंय, पण माझा प्रश्न मागे पडला. पुन्हा सांगते, का अडलंय ते. मागच्या हंगामात एका जिनात काही बायांनी वजनकाट्याबद्दल एकत्र जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्यांनाच घेतलं नाही. "तुमी युनियन करता म्हने" एवढंच बोलला. त्या बायांनी तोवर हा शब्दही वापरला नव्हता. त्या म्हणत होत्या, "आमी सगळ्या मिळून गेलो." मला त्यांच्यासाठी लिहायचंय.

वणीकर:
याला १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात 'अनुचित कामगार प्रथा' म्हणतात. युनियनमध्ये गेला म्हणून काढून टाकणं, धमकावणं, सगळं त्यात येतं. शब्द मात्र मलाही खटकतो. 'प्रथा' म्हटलं की हुंडा आठवतो, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काहीतरी. हा तर सरळ डूख धरून केलेला अन्याय आहे.

झाडीपट्टी:
शेतमजूर त्यात येतात का, हा प्रश्न आमच्याकडे तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर नेहमी निघतो. लोकांना वाटतं युनियन फक्त कारखान्याची. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, ११ क्रमांकाचा करार १९२१ चा आहे. शेतीतल्या मजुरांना कारखान्यातल्या मजुरांइतकाच एकत्र येण्याचा हक्क, असं त्यात आहे. भारतानं तो १९२३ मध्येच मान्य केला. ८७ (संघटना करण्याचं स्वातंत्र्य) आणि ९८ (मालकाशी एकत्र वाटाघाटी) हे मोठे करार मात्र आजवर मान्य केलेले नाहीत. पत्रकात ११ चा उल्लेख जरूर करा.

पुलगावकर:
आणि सात माणसांचंही लिहा. युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर सात सभासदांच्या सह्या लागतात. २००१ च्या दुरुस्तीनं कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते, अशी अट आली, पण सातच्या खाली नाही. सात बाया तर एकाच वावरात भेटतात.

धुऱ्यावरची:
मग वर मोठ्या अक्षरात 'सगळ्या मिळून' आणि खाली 'युनियन करण्याचा अधिकार', असं ठरवते.

मायबोली प्रथम:
'युनियन'वर माझी हरकत कायम. पण 'सगळ्या मिळून' फार चांगलं.

निवृत्त मास्तर, आर्वी:
'अधिकार' नको. गावात अधिकार अधिकाऱ्याकडे असतो, तो देतो नाहीतर अडवतो. 'हक्क' लिहा. बाई 'हक्काचं घर', 'हक्काचं माणूस' म्हणते, कधी 'अधिकाराचं घर' म्हणत नाही.

वणीकर:
मास्तर, माहितीचा अधिकार गावोगाव वापरतात की! तिथे कुठे कोणाचं अडलं? 'अधिकार' ठेवा ताई, कायद्याच्या भाषेशी जुळतो.

मायबोली प्रथम:
शिवाय 'हक्क' अरबी आहे.