रविवारची राय: यादी सत्तेचाळीसवर कशी गेली?

बी-२०४ (काकू): सर, रविवारी दोडामार्गातल्या रायीत, म्हणजे देवराईत, जायच्या सहलीची यादी आत्ता पाहिली. गच्चीवरच्या बैठकीत वीस जण ठरले होते ना? आता सत्तेचाळीस?? आणि तिथल्या हत्तीचं काय? भाचीचा सकाळीच दोडामार्गातून फोन होता, शेजारच्या वाडीत केळी लोळवलीत म्हणे. आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत.

ए-३०१ (सर): नमस्कार वहिनी. वनखात्याचा माणूस पुढे चालणार आहे. हत्तीचा ताजा माग दिसला तर तिथूनच परत फिरायचं, असं ठरलंय. तिलारी पट्ट्यात हत्ती २००२ पासून आहेत, तिथली माणसं ती सवय करूनच शेती करतात. संख्येचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं.

सी-१०३ (काका): नाश्त्याचे ८० रुपये वेगळे का?

ए-४०२: माझी मावसबहीण येतेय, चौघंच आहेत, गाडी आमची. स्पीकर पण घेतोय. पहाटेच्या थंडीत मजा येईल 🔥

ए-१०२ (तात्या): स्पीकर घराकडे ठेव रे बाबा. ती देवाची राय आसा. आमच्या गावच्या रायीत सुकी काटकी पडली तरी कोण उचलीत नाय.

ए-४०२: तात्या, गणपतीत तुमच्या गॅलरीतला किती वाजेपर्यंत चालू असतो?

ए-१०२ (तात्या): गणपती आमच्या घरात येता. रायीत आमी देवाच्या घरात जातो.

बी-३०५: दोघांनी आधी पार्किंगचं मिटवा. गुरुवारपासून कुणाची तरी स्कूटर माझ्या जागेत आहे.

बी-२०१ (ताई): पार्किंग नंतर. हे सगळ्यांनी नीट वाचा, प्लीज. कान्हळाची राय जेमतेम अडीच हेक्टर आहे. बांबर्ड्याची ही रानजायफळाची दलदल. महाराष्ट्रात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारी गोव्यात, सत्तरीतल्या बांबरला अशीच निरंकाराची राय आहे. अशा दलदलीत ओढ्याचं पाणी बारमाही, त्यामुळे चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती वर येऊन गुडघ्यासारखी वाकतात आणि झाडाला तिथून हवा मिळते. त्यांच्यावर बसून फोटो काढायचे नाहीत. साल सोललं की कुज शिरते. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं, ते त्या ओलीतच रुजतं. सत्तेचाळीस माणसांनी चिखल तुडवला तर कोवळी रोपं उरतील का?

सी-१०३ (काका): माहिती छान. पण नाश्त्याचे ८० वेगळे का?

ए-४०२: ताई, आम्ही काय झाडं तोडायला चाललोय? दरवेळी आम्हालाच शिकवायचं.

बी-२०१ (ताई): तोडायला नाही हो. पण मुळांवर पाय नको, एवढंच परत सांगते. आणि स्पीकर खरंच नको. जानेवारी अखेरीपासून धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. तेवढी मोठी ढोली तरण्या झाडात नसते.

बी-२०४ (काकू): हे माहीत नव्हतं. मग मुलांना घेऊन यायलाच हवं. पण वीसच.

डी-१०१: महाबळेश्वर काय वाईट होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं.

ए-३०१ (सर): महाबळेश्वर मेमध्ये. आणि या रायीच्या भागातल्या गावांचं जंगल २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, २९.५३ चौरस किलोमीटर. आपण तिथे पाहुणे आहोत. दोन तुकड्या करू. या रविवारी वीस, आधी नाव दिलेले. बाकीचे पुढच्या रविवारी. सोसायटीबाहेरचे पाहुणे दुसऱ्या तुकडीत.

ए-४०२: म्हणजे आमचीच माणसं बाहेरची. ठीक आहे. आमची नावं काढा.

बी-३०५: आणि स्कूटरही काढा.

बी-२०१ (ताई): दादा, नावं काढू नका ना. मी दोन्ही रविवारी येते, तुमच्या बहिणीच्या मुलांना मीच फिरवून दाखवीन. फक्त मुळांवर पाय नको.

ए-१०२ (तात्या): ये रे. पुढच्या रविवारी मी तुझ्याच गाडयेत बसतंय.

ए-४०२: बघतो. बहिणीला विचारून सांगतो.

ए-३०१ (सर): काका, घावणे आणि चटणी गावातल्या बचतगटाच्या बायका करणार आहेत. ८० त्यांच्या हातात द्यायचे, गाडीवाल्याकडे नाही. म्हणून वेगळे.

सी-१०३ (काका): असं होय. मग शंभर घ्या.