मदत हवी आहे: कार्डाचं हलतं चित्र, पट्टी अर्ध्यात अडकते (तातडीचं)

खाडीकाठ
नमस्कार. ऐरोलीला आमच्या सोसायटीत २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाचा मुलांचा कार्यक्रम आहे. त्यासाठी हलतं चित्र करतेय. खाडीत तीन रोहित (फ्लेमिंगो) उभे, खालची पट्टी ओढली की तिघांनी मान खाली घालून चिखलात चोच बुडवायची. पहिला पक्षी झालाय, पण पट्टी ओढली की मान खाली जायच्या ऐवजी वर जाते, आणि तीसुद्धा अर्ध्यात अडकते. जोर लावला की कार्ड दुमडतं. रविवारी मुलं रंगवायला येणार आहेत, त्याआधी तिन्ही हलायला हवेत. काय करू? व्हिडिओच्या लिंका नकोत, बघून झाल्यात.

कोपरीकर
फोटो टाका. निदान एवढं तरी सांगा: पिना किती, त्यातली कुठली मागच्या पुठ्ठ्यातून आरपार गेलीये आणि कुठली फक्त दोन पट्ट्या जोडते? याच्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

टिंकर_घणसोली
यात पट्ट्या कशाला? ९ ग्रॅमचा छोटा सर्वो घ्या, म्हणजे ठरलेल्या कोनात फिरणारी मोटर, एसजी९०. प्रत्येक मानेला एक, मागे त्यांना चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, आर्डुइनो नॅनो. तिन्ही पक्षी वेगवेगळ्या वेळी वाकवता येतील. कोड मी देतो.

खाडीकाठ
@टिंकर_घणसोली मुलांनी स्वतः ओढायचंय, मोटर नको.
@कोपरीकर दोन पिना. एक खांद्यापाशी, तिच्यावर मान फिरते. दुसरी पट्टीला. पट्टी मागच्या बाजूने आहे.

कोपरीकर
मागच्या बाजूने म्हणजे पुठ्ठ्याच्या मागे? मग दुसरी पिन पुढे मानेपर्यंत कशी आली? आणि खांद्याच्या कुठल्या बाजूला आहे, डोक्याच्या की शेपटीच्या?

गावदेवी
पितळी पिना, रंगीत कार्डशीट सगळं जांभळी नाक्याला घाऊक भावात मिळेल. त्याहून स्वस्त हवं तर अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटजवळ. सकाळी लवकर जा.

खाडीकाठ
@गावदेवी सामान आहे हो माझ्याकडे.
@कोपरीकर पुठ्ठ्याला उभी खाच कापलीये, २ सेंमी लांब. पिन तिच्यातून पुढे येते. शेपटीच्या बाजूला. मानेचं कार्ड खांद्याच्या मागे ३ सेंमी वाढवलंय, ते धडाच्या कार्डामागे लपतं. खांद्यापासून चोचीपर्यंत १५ सेंमी. मागचा पुठ्ठा अख्ख्या चार्टपेपरएवढा.

जुना_फिटर
आता कळलं. ताई, मी ठाणे-बेलापूर रोडवर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली, त्यामुळे हा विषय जवळचा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली, दिशा. फिरण्याची पिन मधे, एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला पट्टी. ही तरफ झाली. एक टोक खाली गेलं की दुसरं वर येणारच. पट्टीची पिन खांद्याच्या डोक्याकडच्या बाजूला घ्या, तेवढ्याच ३ सेंमीवर. मग पट्टी आणि डोकं एकाच दिशेला जातील. छातीचं कार्ड मोठं ठेवलंत की खाच दिसणार नाही.

दुसरी, अडकणं. खाच सरळ उभी आणि पिनेच्या जाडीएवढीच रुंद कापली आहे ना?

खाडीकाठ
हो, कटरने. पिन सैल राहून डगमगू नये म्हणून बरोबर मापाची ठेवली.

जुना_फिटर
तिथेच अडतंय. मानेवरची पिन सरळ रेषेत जाऊच शकत नाही, ती खांद्याभोवती वर्तुळात जाते. हिशोब करून दाखवतो. पिन ३ सेंमीवर, मान ४० अंश फिरवायची. सुरुवातीला पिन खांद्याच्या पातळीत असेल तर ४० अंशांत ती जवळजवळ २ सेंमी खाली जाते आणि त्याच वेळी ७ मिमी खांद्याकडे सरकते. सरळ खाचेत ७ मिमी सरकायला जागा कुठून येणार? म्हणून अर्ध्यात धरते.

उपाय: खाचेची खिडकी करा, १ सेंमी रुंद आणि ३ सेंमी उंच. पिनेला दिशा द्यायचं काम खाचेचं नाहीच, ते खांद्याची पिन करते. शिवाय सुरुवातीला पिन २० अंश वर आणि शेवटी २० अंश खाली येईल असं भोक पाडा. मग आडवं सरकणं २ मिमीच्या आत येतं. १५ सेंमीवरची चोच तरीही १० सेंमी हलेल.

वाफेच्या इंजिनातही नेमकं हेच होतं. दट्ट्याचा (पिस्टनचा) दांडा सरळ वर-खाली जायचा आणि मोठ्या तुळईचं टोक वर्तुळात फिरायचं. जेम्स वॉटने १७८४ मध्ये त्यावर दांड्यांची जोडणी काढली, आणि तीसुद्धा जवळपास सरळ, पूर्ण सरळ नव्हे. पूर्ण सरळ रेषा काढणारी जोडणी पोसेलियेने १८६४ मध्ये दिली, तिला सात दांड्या लागतात. तुम्हाला त्याची गरज नाही, खिडकी पुरे.

सुई_दोरा
फिटरभाऊंचं खिडकीचं बरोबर आहे. मी शाळेत कार्यानुभव शिकवायचे, कार्डाची कामं मुलांकडून भरपूर करून घेतली आहेत. माझं सांगणं पिनेबद्दल. खाडीकाठ, तू भोकं कशाने पाडलीस? ऑफिसच्या पंचने असतील तर ती ६ मिमीची होतात आणि पिनेचे पाय त्यात नुसते लोंबतात. मग पट्टी बरीच ओढली तरी मान हलत नाही आणि नंतर एकदम झटका बसतो. दाभणाने भोक पाड आणि पिनेपुरतंच मोठं कर.

आणि पितळी पिन सोडच. शर्टाच्या दोन चपट्या गुंड्या घे, एक पुढे एक मागे, मधून जाड दोरा दुहेरी. गाठ मारताना कार्ड आणि गुंडीच्या मधे कागदाची घडी ठेव, गाठ बसली की घडी ओढून काढ. तेवढी फट हवीच. पिनेचे पाय घट्ट वाकवले की कार्डं एकमेकांवर दाबली जातात, हेही अडकण्याचं मोठं कारण असतं.

जुना_फिटर
गुंडी-दोरा खांद्याला ठीक. पट्टीच्या सांध्याला नको, दोरा ताणाने तिरका होतो, चाल वाया जाते. तिथे पिनच हवी.

सुई_दोरा
दुहेरी दोरा आणि चार भोकांची गुंडी असेल तर तिरका होत नाही. मुलांच्या हातातली चित्रं वर्षभर टिकलेली पाहिली आहेत मी. पिनेचे पाय मात्र वाकवून-वाकवून तुटतात, आणि लहान मुलांची बोटं कापतात.

कोपरीकर
बोटांचा मुद्दा बरोबर. पिन वापरलीत तर मागच्या पायांवर कागदी चिकटपट्टी लावाच.

पाणपक्षी
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच बोललं नाही. रोहित चोच बुडवतो तेव्हा त्याचं डोकं उलटं असतं. वरची चोच खाली, टोक पायांकडे वळलेलं. तसाच तो पाणी आत घेऊन गाळतो. बगळ्यासारखी चोच सरळ खाली खुपसलेली काढलीत तर मुलांच्या डोक्यात चुकीचंच बसेल. गुलाबी रंगही सरसकट नको, पिल्लं करडी असतात. आपल्या खाडीत लहान रोहित जास्त, त्याची चोच गडद लालसर-काळपट. मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी.

टिंकर_घणसोली
डोकं वेगळं वळवायचं तर सर्वो लागेलच.

पाणपक्षी
नाही लागत. आधी मान खाली घातलेला पक्षी काढा, उलट्या डोक्यासकट, आणि तोच तुकडा कापा. वर फिरवला की डोकं थोडं छातीकडे झुकलेलं दिसेल, ते चालतं, पक्षी तसाही उभा राहतो. उभा पक्षी काढून मग वाकवला तर चुकतं. ऐरोलीतच आहात तर किनारी जैवविविधता केंद्र जवळ आहे, मुलांना तिथे घेऊन जा. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. पाणथळ दिनाला मुलांना हे सांगायलाच हवं.

खाडीकाठ
@पाणपक्षी हे फार कामाचं निघालं. पहिला पक्षी नव्यानेच कापते.
@जुना_फिटर खिडकी केली, पिन डोक्याकडे घेतली. पट्टी ओढली की मान खाली जाते, अडकत नाही! पण सोडल्यावर वर ढकलताना पट्टी मागे फुगते. आणि तिन्ही पक्षी एका पट्टीवर कसे घेऊ? तिघांच्या पिना एका आडव्या पट्टीने जोडू का?

गावदेवी
जोडा की. तिघांना एकच आडवी पट्टी, सगळे एकदम हलतील. सोपं आहे.

रूळमार्ग
हलणार नाहीत, थांबा! तीन पक्षी एका रांगेत, म्हणजे खांद्यांच्या पिना एका आडव्या रेषेत. फिटरकाकांच्या सांगण्याप्रमाणे पट्टीच्या पिना २० अंश वरून २० अंश खाली जाणार, म्हणजे मधे त्याही त्याच रेषेवर येणार. सगळे सांधे एका रेषेत आले की जोडपट्टीला पुढच्या पक्ष्याला ना वर ढकलता येत ना खाली. एखादा पक्षी उलट्या दिशेलाही निघेल.

वाफेच्या इंजिनाची चाकं आठवा. चाकांना जोडणारा दांडा असाच दर फेऱ्यात दोनदा मृत बिंदूवर येतो, म्हणजे तिथे त्याला चाक फिरवता येत नाही. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांपासून ९० अंशांवर बसवतात. एक बाजू अडते तेव्हा दुसरी पूर्ण जोरात असते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली, ती ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांबद्दल मी वेगळा धागा काढणार आहे, जरूर या.

गावदेवी
चित्राला इंजिनाचे नियम कशाला लावताय? मी गणपतीत हलता देखावा केलाय, आडव्या पट्टीवर चार वारकरी टाळ वाजवत होते. काही अडलं नाही.

जुना_फिटर
@गावदेवी तुमच्या वारकऱ्यांचे हात पट्टीशी खाली लोंबत जोडलेले असणार, म्हणजे पट्टीशी काटकोनात. म्हणून चाललं. इथे ते पट्टीच्याच रेषेत येतात. रूळमार्ग यांचं शंभर टक्के बरोबर. आडवी पट्टीच हवी असेल तर प्रत्येक मानेला खांद्यापासून सरळ खाली ३ सेंमीचा जादा पाय काढा, इंग्रजी एलसारखा, आणि ते पाय जोडा.

सुई_दोरा
रविवारपर्यंत इतकं कशाला? प्रत्येक पक्ष्याला आपापली उभी पट्टी राहू दे आणि तिन्हींची खालची टोकं एका लाकडी फुटपट्टीवर चिकटव. फुटपट्टी दोन्ही हातांनी खाली ओढायची, तिन्ही माना एकदम वाकतात. दोन मुलं दोन टोकं धरतील, त्यांना मजाही येईल.

पट्टी फुगतेय कारण ओढताना कार्ड ताठ राहतं आणि ढकलताना वाकतं. लग्नपत्रिकांचं जाड कार्ड घे, दोन थर फेविकॉलने चिकटवून रात्रभर पुस्तकांखाली ठेव. खोक्याचा पुठ्ठा घेतलास तर आतल्या नळ्या पट्टीच्या लांबीत यायला हव्यात, आडव्या आल्या तर लगेच मोडेल. पट्टीवरून कार्डाचा पूल चिकटव म्हणजे ती पुठ्ठ्याला धरून राहील, पण पूल पिनेच्या फार जवळ नको, निदान १२-१५ सेंमी खाली. जवळ असला तर पट्टीला ते २ मिमीसुद्धा सरकता येणार नाही. घासतं तिथे मेणबत्ती फिरव.

कुडाळकर_ठाण्यात
आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. दोऱ्यावर बाहुली कशी फिरते ते प्रत्यक्ष बघायला हवं. मुलांना कधीतरी तिकडे न्या.

टिंकर_घणसोली
फुटपट्टी तिरकी ओढली गेली तर तिघांच्या माना वेगवेगळ्या वाकतील. म्हणून म्हणतो, सर्वो.

सुई_दोरा
तिरकी ओढली तर एका कडेचा पक्षी आधी वाकेल आणि दुसऱ्या कडेचा नंतर. खाडीत तरी सगळे पक्षी एका तालात कुठे चोच बुडवतात?

पाणपक्षी
अगदी. एखादा नेहमी मान वर करून बघत असतो.

खाडीकाठ
फुटपट्टी लावली. दोन पक्षी छान चालतात, पत्रिकांची पट्टी अजिबात वाकत नाही. पाणपक्षी म्हणतात तसा तिसरा मान वर करणारा ठेवला तर? म्हणजे फुटपट्टी खाली ओढली की दोघं चोच बुडवतील आणि तिसरा मान उचलेल. त्याच फुटपट्टीवर होईल का?

जुना_फिटर
होईल. तिसऱ्याची पिन शेपटीच्या बाजूला घ्या, तुम्ही सुरुवातीला केली होती तशीच, ३ सेंमीवर. खिडकीही त्या बाजूला कापा, १ सेंमी रुंदच. त्याची मान सुरुवातीला खाली ठेवा. आणि त्याची पट्टी फुटपट्टीवर चिकटवण्याआधी टाचणीने लावून एकदा पूर्ण ओढून बघा. तिन्हींच्या लांब्या जुळल्या की मगच फेविकॉल.