मदत हवी आहे: गाव महापालिकेत गेलं, आता चार वर्षांची घरपट्टी एकदम आलीये, काय करू?

ओसरीवाली

नमस्कार मंडळी, मदतीचा धागा पहिल्यांदाच काढतेय, थोडं लांबण लागेल तर सांभाळून घ्या.

शहराला खेटून असलेलं आमचं गाव साडेचार वर्षांपूर्वी महापालिकेत गेलं. गावाचं आणि महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, आईबाबा तिथेच राहतात आणि त्यांचं काम अजून त्याच टेबलावर अडकलंय. मी नोकरीसाठी बाहेर, महिन्यातून एकदा जाते. गेल्या महिन्यात गेले तर बाबांनी जेवण झाल्यावर काही न बोलता एक कागद पुढे ठेवला. घरपट्टीचं बिल. ग्रामपंचायत होती तेव्हा आम्ही वर्षाला ९२० रुपये भरायचो, पाणीपट्टी वेगळी. आता गाव गेल्यापासूनचं सगळं एकत्र धरून शास्तीसकट (म्हणजे उशिराच्या दंडासकट) ४७ हजारांचं बिल आलंय. मधल्या काळात एकही बिल आलं नाही. बाबा दोनदा स्वतः विचारायला गेले होते तेव्हा "अजून आकारणी व्हायचीये, आल्यावर भरा" असं सांगून परत पाठवलं, आणि आता त्याच वर्षांची शास्ती लावलीये. बाबांनी आयुष्यात कुणाची बाकी ठेवली नाही, ते बिल बघून दोन रात्री झोपले नाहीत असं आई सांगत होती.

बिल नीट वाचलं तर त्यात चार गोष्टी खटकल्या. एक तर नाव आजोबांचं आहे, ते २००९ लाच गेले. दुसरं म्हणजे क्षेत्रफळ ११८० स्क्वेअर फूट लिहिलंय. आमचं घर म्हणजे तीन खोल्या आणि ओसरी, मी स्वतः टेप लावून मोजलं तर ६४० च्या आसपास भरतं. मग लक्षात आलं की मागचा गोठा आणि वैरणीची पत्र्याची शेड पण घरातच धरलीये. मोजायला आले तेव्हा बाबा रानात होते, आई दवाखान्यात, शेजारच्या पोराने सांगितलं की बाहेरूनच लेझर मारून गेले. तिसरं, पुढच्या खोलीला बिगरनिवासी लावलंय, कारण तिथे आमची पिठाची गिरणी होती. गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली, जातं काढून विकलं पण, आता तिथे आईची शिलाई मशीन आणि ज्वारीची पोती असतात. पण भिंतीवर रंगवलेलं "येथे दळण दळून मिळेल" तसंच राहिलंय, बहुतेक तेच बघून लिहिलं असणार. आणि चौथं म्हणजे सगळ्या वर्षांना एकच दर लावलाय. मी कुठेतरी ऐकलं होतं की नवीन गावांना टॅक्स एकदम लावत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. हे खरं आहे का?

टॅक्स भरायला आमची ना नाहीये हे आधीच सांगते. शहराच्या सोयी हव्यात तर शहराचे पैसे द्यायला लागणार हे बाबांनाही मान्य आहे. पण पूर्वी सकाळी सहा ते आठ नळाला पाणी यायचं, आता एक दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात टँकर. खांबावरचा दिवा गेला तर सरपंचाला फोन केला की संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीचा शिपाई शिडी घेऊन यायचा. आता अ‍ॅपवर तक्रार टाकायची, ती दोन दिवसांनी "निकाली" म्हणून बंद होते आणि गल्ली अंधारातच. देवळापुढचा दिवा पाच महिने बंद होता, शेवटी पोरांनी वर्गणी काढून लावला. आईला सगळ्यात जास्त लागलं ते ग्रामसभा गेल्याचं. ती दरवेळी जायची, बायकांच्या बाजूला बसून गटाराचा विषय तीच काढायची, आता म्हणते बोलायचं कुणापुढे.

तर मला हे विचारायचंय की आत्ता आधी काय करायचं? बिल पूर्ण भरून मग भांडायचं की आधी अर्ज द्यायचा? नाव बदलायला काय कागद लागतात? आजोबांचा मृत्यू दाखला ग्रामपंचायतीने दिलेला आहे, तो चालेल ना? घर गावठाणातलं आहे त्यामुळे सातबारा नाही, फक्त जुन्या पावत्या आहेत. आईने त्या १९८७ पासूनच्या, रबर लावून साखरेच्या पिशवीत घालून ठेवल्यात. आणि अजून एक, माझ्या मावशीचं गाव आता हद्दवाढीच्या प्रस्तावात आहे, त्यांनी आत्तापासून काय करून ठेवावं म्हणजे आमच्यासारखं होणार नाही? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

दप्तरी

ताई, मी एका नगरपालिकेच्या करविभागात ३१ वर्षं काढली, तिची पुढे महापालिका झाली, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. आधी बाबांना सांगा की घाबरायचं काही कारण नाही, यातल्या बऱ्याच चुका दुरुस्त होणाऱ्या आहेत.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम १२९अ आहे, ते नव्याने आलेल्या भागासाठीच आहे. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्याच दराने कर, मग दर वर्षी २० टक्क्यांनी वाढवत पूर्ण दरापर्यंत जायचं. म्हणून पहिलं काम म्हणजे आकारणीचा उतारा मागा, वर्षवार दर दिसेल असा. तोंडी मागू नका, अर्ज द्या. नाहीच दिला तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो कागद हातात आला की अर्धं भांडण तिथेच मिटतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये जुना दर भरलाच नसेल तर ते त्यावर लगेच दिसतं.

हरकतीचा अर्ज मात्र उताऱ्याची वाट न बघता उद्याच द्या. क्षेत्रफळ, वापर, दर आणि शास्ती, चारही मुद्दे एकाच अर्जात पण वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का नंबरासकट घ्याच. शिक्का नसलेल्या अर्जाला किंमत नाही, हे मी टेबलाच्या आतून सांगतोय. नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते ती बघा. नोटीस आलीच नसेल, सरळ बिलच आलं असेल, तर तेही अर्जात ठळक लिहा. फेरमोजणी मागा आणि बाबा घरी असतील असा वार सांगा, मोजणीला आलेल्या माणसाबरोबर फिरून गोठा आणि शेड वेगळी दाखवा.

गिरणीचं म्हणाल तर वीज कंपनीकडे थ्री फेजचं कनेक्शन असणार. ते मीटर पीडी, म्हणजे कायमचं बंद, केल्याचा कागद मिळवा. त्याच्यासारखा पुरावा नाही, त्यावर तारीखच असते. आणि भिंतीवरची पाटी आधी चुन्याने पुसून टाका हो, मग फोटो काढा.

भरायचं म्हणाल तर थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चालूच राहते, अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही. त्यामुळे तुम्हाला जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी हरकत राखून भरून टाका आणि पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडा. निकाल विरोधात गेला तर कलम ४०६ खाली कोर्टात अपील आहे, पण त्याला आधी तक्रार केलेली लागते, वादातली रक्कम भरावी लागते आणि मुदत फक्त १५ दिवसांची असते. तिथपर्यंत जायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

नावासाठी आजोबांचा दाखला चालेल, जन्ममृत्यूची नोंदवही गावाबरोबरच महापालिकेकडे जाते, हवी तर नवी प्रत तिथून काढा. वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल, त्यात तुमच्या आत्यासुद्धा आल्या, त्यांना विसरू नका, बहुतेक फायली तिथेच अडकतात. आणि एक लक्षात ठेवा, करपावतीवर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. गावठाणातल्या घराला खरा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. गाव महापालिकेत जायच्या आधी ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेची सनद निघाली होती का ते भूमी अभिलेखला विचारा. तोवर १९८७ पासूनची ती साखरेची पिशवी जपा, लॅमिनेट करू नका, स्कॅन करून ठेवा.

सिंहगडपायथा

मावशीबद्दल लिहितो. आम्ही पुण्याच्या बाजूचे, इथे २०१७ ला ११ गावं घेतली आणि २०२१ च्या ३० जूनला आणखी २३. दुसऱ्या खेपेला गावं महापालिकेत आली पण बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) राहिली, म्हणजे लोकांना एका कामाला एक ऑफिस आणि दुसऱ्याला दुसरं. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला, मधली सगळी वर्षं प्रशासक. २३ गावांनी तर पालिकेत आल्यावर पालिकेसाठीचं पहिलं मतदान साडेचार वर्षांनी केलं. तुमची आई म्हणते ना बोलायचं कुणापुढे, ते अगदी बरोबर आहे. आणि पाण्याचा विषय साधा समजू नका. जानेवारी २०२५ ला जीबीएसचे (गियान बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातमीत होती, संशय पाण्यावर होता, आणि ही सगळी नंतर आत घेतलेलीच गावं.

म्हणून मावशीच्या गावाने हद्दवाढीची प्रारूप अधिसूचना निघाली की हरकती आणि सूचनांच्या मुदतीत लेखी द्यायचंच. नुसतं "आम्हाला यायचं नाही" लिहून भागत नाही, पाण्याची लाईन कधी, शाळेचं काय, कचरा कुठे जाणार असं विचारा. घरापुरतं म्हणाल तर आत्ताच ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढून घ्या, सही शिक्क्यासकट. त्यात क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, नाव सगळं असतं. नावात चूक असेल तर ग्रामसेवक आहे तोवर करून घ्या, दप्तर एकदा हलवलं की तेच रजिस्टर शोधायला महिने जातात. चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरून नमुना १० ची पावती पण घेऊन ठेवा.

खाडीपलीकडे

कल्याण डोंबिवलीची २७ गावं बघा म्हणजे कळेल की हा विषय एका पिढीत संपत नाही. १९८३ ला आत घेतली, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला परत आत. २०२० ला त्यातली १८ बाहेर काढायची ठरली तर कोर्टात तो निर्णय टिकला नाही. दर वेळी दप्तर इकडून तिकडे, आणि टॅक्सचं भांडण तसंच. पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची पण २०१७ ला घेऊन नंतर बाहेर काढली, तिथे आता वेगळी नगरपरिषद आहे. त्यामुळे ताई, एकही जुना कागद टाकू नका, उद्या परत कुणाकडे दाखवायला लागेल सांगता येत नाही. आणि मावशीला हेही सांगा की रोजगार हमीचं जॉब कार्ड, ग्रामीण घरकुल या गोष्टी गावासाठीच्या आहेत, कुणाचं घरकुल मंजूर असेल तर आधी त्याचा पाठपुरावा करा.

ओसरीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. दप्तरीकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर पूर्ण वाचून दाखवला, मधेच थांबवून १२९अ दोनदा लिहून घेतलं त्यांनी.

काल घरी आलेय. पीडीचा कागद सापडला! देवघराच्या खणात, पंचांगांच्या खाली. त्यावर तारीख आहे, मीटर काढल्याचं रीडिंग आहे, सगळं. बाबांनी आज सकाळीच भिंतीला चुना मारला, मारताना थोडा वेळ नुसतेच उभे राहिले, ती अक्षरं आजोबांनी पेंटरकडून लिहून घेतली होती. आधी मी त्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवला. आत्याशी पण बोलले, ती म्हणाली मी सहीला येते, त्या निमित्ताने दोन दिवस राहते.

पिशवीतल्या पावत्या लावताना एक कळलं की १९९६ पासून प्रत्येक पावतीवर क्षेत्र तेच आहे, गोठा कधीच धरला नव्हता. आणि संध्याकाळी ओट्यावर बसले तर एकेक जण आपलं बिल घेऊन यायला लागलं. आमच्या आळीतल्या १४ घरांची बिलं बघितली, नऊ जणांचा गोठा किंवा पडवी घरात धरलीये, आणि दर सगळ्यांना पहिल्या वर्षापासून पूर्ण लावलाय. दोघी म्हाताऱ्या एकट्याच राहतात, त्यांना बिल वाचता पण येत नाही, एकीने कानातलं मोडून भरायची तयारी केली होती, तिला आईने थांबवलंय.

तर आता हा प्रश्न, हरकतीचा अर्ज सगळ्यांनी मिळून एकच द्यायचा की वेगवेगळा?

दप्तरी

वेगवेगळाच. प्रत्येकाचा मिळकत क्रमांक वेगळा, फाईल वेगळी, एकत्र दिला तर तो निवेदन म्हणून बाजूला पडतो आणि कुणाच्याच फाईलला लागत नाही. मजकूर एकच करा, क्रमांक आणि मोजमाप ज्याचं त्याचं, आणि १४ जण एकाच दिवशी जाऊन १४ शिक्के घ्या. पाणी आणि दिव्यांचा अर्ज मात्र एकच करा, त्यावर सगळ्यांच्या सह्या, आणि आता नगरसेवक निवडून आलेले असतील तर तुमच्या प्रभागातल्या सगळ्यांना प्रत द्या. कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे शहरातल्या एका भागातल्या मतदारांची सभा, अशी तरतूद आहे, ती घ्या अशी मागणी त्यातच लिहा. अर्ज तुमच्या आईंच्या नावाने जाऊ दे. त्या दोन आजींचे अर्ज तुम्ही लिहून द्या, खाली अंगठा चालतो, शेजारी साक्षीदाराची सही घ्या.

ओसरीवाली

आई आत्ताच पाण्याचा अर्ज लिहायला बसलीये, गटाराचा मुद्दा सगळ्यात वर घेतलाय. मंगळवारी सकाळी सगळे एकत्र जातोय, शिक्के मिळाले की इथेच लिहीन.