नवऱ्याने मॉर्मन चर्च सोडलंय, पुढचं कसं निभवायचं?

यूटाची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही यूटात प्रोव्होजवळ राहतो. नवरा इथलाच, पिढ्यानपिढ्यांच्या मॉर्मन घरातला, दोन वर्षांचं मिशन म्हणजे धर्मप्रचारसुद्धा करून आलेला. मी चर्चची मेंबर कधीच नव्हते. चर्चने स्वतःच्या वेबसाइटवर 2013 पासून जे इतिहासाचे निबंध टाकले ना, चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथच्या अनेक लग्नांबद्दल, त्याने टोपीत दगड ठेवून त्यांच्या धर्मग्रंथाचं, बुक ऑफ मॉर्मनचं, भाषांतर केल्याबद्दल, ते वाचून तो हादरला, कारण लहानपणी त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता त्याचा विश्वास उरलेला नाही, चर्चला जात नाही, टायदिंग म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा तोही बंद केलाय.

मला वाटलं होतं आता मोकळा होईल, पण तो फार गप्प झालाय. रविवारी सकाळी उठून तयार होतो आणि मग नुसता बसून राहतो. मित्र सगळे वॉर्डातले, म्हणजे चर्चच्या इथल्या स्थानिक मंडळीतले, ते येतात, प्रेमाने बोलतात, पण विषय फिरून तिथेच, परत कधी येतोस. नणंदेचं लग्न टेंपलमध्ये ठरलंय आणि रेकमेंड, म्हणजे टेंपलमध्ये जायची चर्चची परवानगी, नसल्यामुळे सख्ख्या भावाला आत जाता येणार नाही. मुलगी पुढच्या वर्षी आठची होईल, त्यांच्यात त्याच वयात बाप्तिस्मा होतो, सासूबाई आत्तापासून बाप्तिस्म्याचं विचारतायत. धाकटा दीर बीवाययूमध्ये, म्हणजे चर्चच्याच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, शिकतोय, त्यालाही शंका आहेत, हे फक्त आम्हालाच माहितीये. आणि नवऱ्याला रेकॉर्डमधून नाव काढायचं पत्र आत्ताच्या आत्ता पाठवायचंय. मी काय करू, कोणी जवळून पाहिलंय का हे?

सॉल्टलेककर
ताई, मी सॉल्ट लेक सिटीत बरीच वर्षं आहे, ऑफिसात निम्मे लोक मेंबर आणि बरेचसे सोडलेले, त्यामुळे जवळून बघितलंय.

आधी दिराचं, कारण त्यात चूक झाली तर भरून निघत नाही. बीवाययूत शिकायला दरवर्षी बिशपकडून, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाकडून, एन्डोर्समेंट म्हणजे शिफारस लागते आणि मेंबर असलेल्या विद्यार्थ्याने चर्च रीतसर सोडलं तर ती मिळत नाही, म्हणजे शिक्षण अर्धवट. डिग्री जवळ आली असेल तर ती होईपर्यंत त्याने कुठेही काही लिहू नये, अगदी जवळच्या मित्रालाही जपून सांगावं. अजून बरीच वर्षं बाकी असतील तर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत क्रेडिट ट्रान्सफर होतात का ते आत्ताच शांतपणे बघून ठेवा.

नणंदेच्या लग्नाचं. 2019 पर्यंत अमेरिकेत आधी सिव्हिल लग्न केलं तर टेंपलमधल्या सीलिंगसाठी, म्हणजे नवराबायकोला कायमचं बांधणाऱ्या विधीसाठी, वर्षभर थांबावं लागायचं, म्हणून लोक ते टाळायचे आणि आईवडीलसुद्धा बाहेर बाकावर बसून राहायचे. ती अट आता काढलीये. आधी सगळ्यांसमोर छोटं लग्न आणि मग टेंपल, असं बरीच कुटुंबं करतात. पण हे नवऱ्याने स्वतः बहिणीला विचारावं, एकदाच, प्रेमाने, आणि ती नाही म्हणाली तर रिसेप्शनला आनंदाने जावं. तिचा दिवस आहे तो.

सोडून_आलेली
मी शिकायला अमेरिकेत आले तेव्हा एकटी होते, दोन मिशनरी मुली भेटल्या, त्यांच्यामुळे बाप्तिस्मा घेतला, बरीच वर्षं मनापासून राहिले आणि मग बाहेर पडले. तुमच्या नवऱ्याचं गप्प होणं मला अगदी कळतं हो. लोकांना वाटतं देव आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. पण वॉर्ड घराच्या पत्त्यावरून ठरतो, म्हणजे शेजारीपाजारी तेच, मुलांचे मित्र तेच, आजारी पडलं तर जेवण घेऊन येणारे तेच. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, कोणाला कुठलं काम हे बिशप ठरवणार. चहा-कॉफी घ्यायची नाही, आत कुठले कपडे घालायचे तेही ठरलेलं. हे सगळं एकदम गेलं की माणूस दुकानात साधी बनियन घेताना सुद्धा अडखळतो, मी अडखळले होते. हे सुतक आहे असं समजा आणि त्याला ते पाळू द्या, लगेच नवीन काहीतरी श्रद्धा किंवा छंद त्याच्या गळ्यात घालू नका.

पत्राबद्दल मात्र थांबा असंच सांगेन. त्यांच्या शिकवणीत कुटुंब टेंपलमध्ये अनंतकाळासाठी बांधलं जातं, आणि नाव काढलं की त्याच्या बाजूने ते सीलिंग रद्द समजतात. तुमच्या सासूबाईंना ते पत्र म्हणजे मुलगा मेल्यानंतरही आपला राहणार नाही असं वाटेल. त्या नाटक करत नाहीयेत, त्यांना खरंच ते दिसतंय. तो नुसता गेला नाही तरी चालतं, नाव राहिलं म्हणून कोणी ओढून नेत नाही.

परखड
मला हे पटत नाही. ज्याला आपलं नाव तिथे नकोय त्याने का ठेवायचं? 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना प्रीस्टहूड म्हणजे पुरोहितपद मिळत नव्हतं, 2015 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाही असा नियम आणला आणि 2019 ला मागे घेतला, 2023 मध्ये शेअरच्या गुंतवणुकीची माहिती नीट उघड न केल्याबद्दल चर्च आणि त्यांच्या गुंतवणूक कंपनीने मिळून 50 लाख डॉलर दंड भरला. काहींना मनाने तिथे मोजलं जाणंच सहन होत नाही आणि तेही खरं दुःख आहे. अर्ज लेखी लागतो, सहीची नोटरी करून ठेवा. फक्त आईला आधी समोर बसून सांगा, तिला वॉर्डातून कळता कामा नये.

यूटाची_सून
खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्री नवऱ्याला हे मोठ्याने वाचून दाखवलं. सुतक कसं असतं ते समजावून सांगितलं तर बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला हो, असंच आहे. पत्र दिराची डिग्री होईपर्यंत थांबवायचं असं त्यानेच ठरवलं, म्हणजे घरात एका वेळी एकच वादळ. मुलीचं मात्र मला अजून सुचत नाही. तिच्या सगळ्या मैत्रिणींचे बाप्तिस्मे होणार, पांढरे कपडे, कौतुक, आणि ही एकटीच.

सोडून_आलेली
आईवडिलांची परवानगी असल्याशिवाय ते बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे निर्णय तुमचाच आहे, घाबरू नका. सासूबाईंना तुम्ही नाही, नवऱ्याने सांगायचं, आणि आत्ताच सांगायचं, वाढदिवसाच्या तोंडावर नाही. मोठी झाल्यावर तिला हवं असेल तर ती ठरवेल, आम्ही आड येणार नाही, एवढं म्हटलं तरी आजीला धरायला काहीतरी राहतं. मैत्रिणींच्या बाप्तिस्म्याला तिला जरूर पाठवा, बघायला कोणालाही जाता येतं. आणि आठव्या वाढदिवसाला तिच्यासाठी काहीतरी मोठं करा, आजीआजोबांना बोलवून.

सॉल्टलेककर
अजून एक, यूटात चर्च सोडलेल्यांचे गट भेटत असतात, बरेच जण रविवारी सकाळीच कॉफीला जमतात कारण तीच वेळ खायला उठते. नवऱ्याला पहिल्यांदा एकट्याला जाऊ दे. त्याला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

यूटाची_सून
मुलं नेलेली चालतात का तिथे?

सॉल्टलेककर
मी बघितलेल्या गटात चालतात, बरेच जण आणतात. आधी विचारून घ्या फक्त.