मदत हवी आहे : आण्णांना नागीण उठली आहे, गोळ्या द्याव्यात की मंतरून घ्यावे?

गोदाकाठ :
आण्णांच्या उजव्या बरगडीपासून मणक्यापर्यंत नागीण उठली आहे. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही म्हणून ते रात्रभर ओट्यावर उघडेच बसतात. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस लिहून दिले आहे. शेजारचे म्हणतात, एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल, आणि वेढा पूर्ण झाला तर माणूस दगावतो, म्हणून आधी मंतरून घ्या. कृपया लवकर सांगावे.

बालाघाट :
फोड कधी उठले, हे आपण लिहिलेच नाही. ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. वय किती? मधुमेह आहे का? डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड नाहीत ना? तिथे असतील तर नेत्रतज्ज्ञाकडे लगेच जावे लागते.

जुनी वेस :
माझ्या आत्याची नागीण गेरूच्या लेपानेच बसली, एकही गोळी लागली नाही.

बालाघाट :
नागीण बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते आणि श्रेय लेपाला मिळते. कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दबून राहतो आणि पुढे कधीतरी एका तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्याने पट्टा सहसा मध्यावरच थांबतो, त्यामुळे वेढ्याची भीती बाळगू नये.

मोसंबीबाग :
पन्नाशीनंतर नागिणीची लस अवश्य घ्यावी. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात.

गोदाकाठ :
लसीचे नंतर पाहू. फोड परवा संध्याकाळी दिसले. दुखणे त्याआधी तीन दिवस होते, पण सोयाबीनची पोती उचलल्याने लचक भरली असेल, असे आम्ही धरून चाललो. वय ६८, साखरेची गोळी चालू आहे. घरात वहिनी सातव्या महिन्यात आहेत, त्यांना काही होणार नाही ना?

निवृत्त परिचारिका :
हे पहिल्यांदाच लिहायला हवे होते. वहिनींना कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, हे त्यांच्या आईला विचारा. झाल्या नसतील तर फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात आणि गरोदरपणात त्या जड जातात, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा. खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ सुती कापडाने झाकून ठेवा आणि आण्णांचा टॉवेल वेगळा करा. किडनीची शंका असेल तर क्रिएटिनिन तपासून घ्या. गरजेनुसार डॉक्टर मात्रा कमी करतात, परंतु आपल्या मनाने गोळी थांबवू नये. फोड सुकल्यावरही आग होत राहिली तर अंगावर काढू नका, त्या दुखण्याची औषधे वेगळी असतात.

गोदाकाठ :
वहिनींना दुसरीत असताना कांजिण्या झाल्या होत्या, असे त्यांच्या आईने सांगितले. पहिली गोळी आताच दिली. पाचवीसाठी आण्णांना झोपेतून उठवावे लागेल का?

निवृत्त परिचारिका :
नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चार-चार तासांनी द्या, पाच होतात. पाणी भरपूर पाजा.