फायरबॉलचा डॅमेज कमी करू का? विझार्ड एकटाच सगळी लढाई संपवतोय

जुनाफासा
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) गेम चालू आहे, फिफ्थ एडिशन, २०१४ चे नियम, चार प्लेअर आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. सगळे पाचव्या लेव्हलला पोचले, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीचा स्पेल (मंत्र) मिळाला आणि तिथून सगळं गणितच बिघडलं. मागच्या सेशनला एका खोलीत सहा गॉब्लिन होते, प्रत्येकी ७ हिट पॉइंट (तेवढा डॅमेज झाला की संपले), याने पहिल्याच टर्नला फायरबॉल टाकला आणि खेळ खलास, ज्यांचा सेव्ह (स्पेलपासून वाचायचा फासा) झाला तेही गेले कारण ८डी६ ची, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांची, सरासरी २८, म्हणजे अर्धा डॅमेज धरला तरी १४. आमची फायटर खेळणारी मुलगी हातात डी२० (वीस बाजूंचा फासा) घेऊन बसली होती, तो तिने गुपचूप परत डबीत ठेवला. काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं.
तीन पर्याय डोक्यात आहेत. फायरबॉल ६डी६ करायचा, किंवा स्लॉट (स्पेल टाकायच्या ठरलेल्या संधी) काढून स्पेल पॉइंट (गुण खर्चून स्पेल) आणायचे, किंवा प्रत्येक स्पेलला डी२० टाकायला लावायचा आणि ५ च्या खाली आला की स्पेल फसला. काय करू?

कागदीकिल्ला
स्पेल पॉइंट अजिबात नको!! डीएम्स गाइडमधला तक्ता बघ, पाचव्या लेव्हलला २७ पॉइंट मिळतात आणि तिसऱ्या लेव्हलचा स्पेल ५ पॉइंटला पडतो, म्हणजे त्याने ठरवलं तर दिवसाला पाच फायरबॉल. आत्ता त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच आहेत, आर्केन रिकव्हरी (थोडे स्लॉट परत मिळवायची विझार्डची सोय) धरली तर तीन. आग विझवायला जाऊन तेल ओतल्यासारखं होईल.
६डी६ चं मात्र चालू शकतं. त्याच पुस्तकात नवीन स्पेल बनवायचा तक्ता आहे, तिसरी लेव्हल आणि एकापेक्षा जास्त टार्गेट असतील तर ६डी६ च सुचवलाय, म्हणजे फायरबॉल मुळातच त्यापेक्षा तगडा आहे. पण मग लाइटनिंग बोल्ट या विजेच्या स्पेललाही तेच लाव, तोही ८डी६ आहे, नाहीतर तो पुढच्या वेळी तोच घेऊन येईल.

सावलीतला_बार्ड
स्पेल फसण्याच्या नियमाला माझा ठाम विरोध. फायटरचा एक वार चुकला तर पुढच्या टर्नला परत मारता येतं, आणि पाचव्या लेव्हलला तर एका टर्नला दोन वार मिळतात. विझार्डचा स्लॉट गेला की दिवसभरासाठी गेला. वर ज्या स्पेलना सेव्ह आहे तिथे समोरच्याला वाचायची संधी आधीच मिळते, मग एकाच स्पेलवर दोनदा नशीब का आजमावायचं? २०२४ च्या नियमांत काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल अडवणारा स्पेल) बदलला तेव्हा नेमका हाच विचार केलाय, आता ज्याचा स्पेल अडवला जातो तो कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) सेव्ह टाकतो आणि स्पेल गेला तरी त्याचा स्लॉट वाचतो. नियम कडक करताना माणसाच्या हातातलं सगळं एकदम काढून घ्यायचं नसतं.
मला खरा प्रश्न वेगळाच वाटतोय. तुमच्याकडे एका लाँग रेस्टपासून (स्लॉट परत देणारी लांब विश्रांती) पुढच्या लाँग रेस्टपर्यंत लढाया किती होतात?

जुनाफासा
एक. फार तर दोन. लढाई झाली की हे लोक दार लावून झोपतात.

सावलीतला_बार्ड
मग स्पेलला हातच लावू नकोस रे. ही सिस्टिम दिवसाला सहा ते आठ मध्यम लढाया धरून बांधलीये, तेवढ्या कोणीच घेत नाही ते सोड, पण तीन-चार तरी हव्यात. दोन-तीन फायरबॉल चार लढायांत वाटायचे म्हटलं की तो आपोआप हात राखून खेळतो, आणि फायटरची तलवार काही संपत नाही. आणि लाँग रेस्टचा फायदा २४ तासांत एकदाच मिळतो, हे लिहिलेलंच आहे, तेवढं पाळ. दार लावून झोपले तर बाहेरचे गॉब्लिन गप्प बसणारेत का? ते मदत आणतील, कैद्याला दुसरीकडे हलवतील.

कागदीकिल्ला
हे पटलं, पण त्या नादात ग्रिटी रिअलिझमवाला पर्याय उचलू नकोस, म्हणजे शॉर्ट रेस्ट ८ तास आणि लाँग रेस्ट ७ दिवस. त्यात मेज आर्मर हा संरक्षणाचा स्पेल ८ तासांचाच राहतो पण स्लॉट परत यायला आठवडा, अशा सगळ्या स्पेलची वेळ मग हाताने वाढवत बसावं लागतं.

नकाशेवाला
अजून एक, खोलीचा नकाशा बदल. फायरबॉलचं वर्तुळ २० फूट त्रिज्येचं, म्हणजे ४० फूट आरपार, लहान खोलीत सहा जण कोंबलेस तर सगळेच सापडणार. दोन वर कठड्यावर, दोन दाराबाहेर, दोन पळत येऊन थेट फायटरला भिडलेले असे ठेव. आता आपल्याच माणसाला भाजायचं का हा विचार त्याला करावा लागेल. (तो इव्होकेशन शाखेचा विझार्ड असेल तर स्कल्प्ट स्पेल्स या क्षमतेने फायटरला वाचवू शकतो, पण तो त्याच्या सबक्लासचा हक्क आहे, तो काढू नकोस.)

जुनाफासा
इव्होकेशनवाला नाहीये, डिव्हिनेशन आहे. ठीक, डॅमेज ८डी६ च ठेवतो. पुढचा डन्जन रेस्टशिवाय चार लढायांचा बांधतोय आणि २४ तासांचा नियम आधीच दोघांना सांगून ठेवतो, विझार्डलाही आणि तिलाही.

सावलीतला_बार्ड
चौघांनाही सांग. क्लेरिक (बरं करणारा पुजारी) असेल तर त्याचे हीलिंगचे स्लॉटही त्याच चार लढायांत पुरवायचेत.