मदत हवी आहे: २००८ ची बी.एस्सी., कॉलेज चंद्रपूरचं. ट्रान्स्क्रिप्ट नागपूरहून घ्यायची की गोंडवानातून?

माधवी_च

कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं आहे, म्हणजे आपली पदवी तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची ते संस्थेकडून तपासून घ्यायचं. त्यासाठी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने सही केलेला सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा, लागते. उन्हाळी २००८ ला बी.एस्सी. पूर्ण, वार्षिक पद्धत, कॉलेज चंद्रपूरचं. कॉलेजच्या कार्यालयातून सांगतात, "आता आपलं विद्यापीठ गोंडवाना, तिकडे अर्ज करा." गुणपत्रिकांवर मात्र नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. तिन्ही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका आहेत. दुसऱ्या वर्षाचा एक विषय हिवाळी परीक्षेत निघाला, त्याची वेगळी गुणपत्रिका आहे. पदवी प्रमाणपत्र कधी काढलंच नाही. शिवाय पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे. सुरुवात कुठून करू? मी नागपुरातच राहते, त्यामुळे चकरा मारायला हरकत नाही.

टीआर_रजिस्टर

माधवीताई, तुमचं काम नागपूर विद्यापीठाचंच. कॉलेज आज कोणाशी संलग्न आहे हे बघायचंच नाही. परीक्षा कोणी घेतली ते बघायचं. निकालाची मूळ नोंद, म्हणजे टॅब्युलेशन रजिस्टर, ज्या विद्यापीठाने परीक्षा घेतली त्याच्याच परीक्षा विभागात असते, आणि ट्रान्स्क्रिप्टवरचे गुण त्या नोंदीशी ताडूनच सही होते. गोंडवाना विद्यापीठ सप्टेंबर २०११ मध्ये स्थापन झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे तेव्हा नागपूरकडून तिकडे गेले. तुमचा निकाल त्याच्या तीन वर्षं आधीचा.

२०११ च्या आसपास ज्यांचं शिक्षण अर्ध्यात होतं त्यांनी मात्र एकेक गुणपत्रिका काढून वरचं नाव वाचावं. दोन नावं निघाली तर दोन ठिकाणी काम आहे.

आता क्रम. पहिलं पदवी प्रमाणपत्र, मग ट्रान्स्क्रिप्ट. लोक उलटं करतात आणि अडकतात, कारण मूल्यांकन संस्था अंतिम पदवी प्रमाणपत्र मागते, तात्पुरतं नाही. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. दीक्षांत समारंभासाठी अर्ज करून शुल्क भरावं लागतं, समारंभाला हजर राहिलं नाही तरी. तुमचा तो अर्ज राहून गेला असणार. मागील वर्षांच्या उत्तीर्णांनाही अर्ज करता येतो, पण जुनं रजिस्टर काढून पडताळणी होते, म्हणून वेळ जास्त धरा. शुल्क बदलत राहतं, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू दरच बघा.

धरमपेठ

वरच्यात भर. ऑटोवाल्याला नुसतं "युनिव्हर्सिटी" म्हटलं की तो महाराजबागेजवळच्या जुन्या इमारतीपाशी सोडू शकतो, म्हणजे रवींद्रनाथ टागोर मार्गावरचा छत्रपती शिवाजी महाराज प्रशासकीय परिसर. तुम्हाला हवा आहे अमरावती रोडवरचा महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर. जमनालाल बजाज प्रशासकीय इमारत त्या परिसरात आहे, पदव्युत्तर विभागही बरेचसे तिकडेच. सीताबर्डीहून वाडीकडे जाणारी शहर बस चालते. लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर आणि पुढे परिसर. निघण्याआधी कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात ते फोनवर विचारून घ्या. विभाग एका इमारतीतून दुसरीकडे हलत असतात.

टीआर_रजिस्टर

बरोबर. आता कागद. प्रत्येक गुणपत्रिकेची पाठपोट झेरॉक्स काढा. मागच्या बाजूला उत्तीर्ण होण्याचे आणि श्रेणीचे नियम छापलेले असतात आणि परदेशी संस्थेला तेच हवे असतात. मागची बाजू राहिली म्हणून अर्ज परत येतात. हिवाळी परीक्षेची वेगळी गुणपत्रिका जोडायचीच, लपवायची नाही. नापास झालेल्या प्रयत्नाचीही जोडा. नोंदीत दोन प्रयत्न आणि अर्जात एकच दिसला की पडताळणी थांबते. एनरोलमेंट नंबर आणि प्रत्येक परीक्षेचा आसन क्रमांक अर्जात स्वच्छ लिहा. रजिस्टरमध्ये शोध आसन क्रमांक, परीक्षा आणि हंगाम यांवरून लागतो, नावावरून नाही. "२००८" एवढंच लिहू नका, "उन्हाळी २००८" लिहा.

अर्ज करण्याआधी मूल्यांकन संस्थेकडे खातं उघडून संदर्भ क्रमांक घ्या. तो क्रमांक लिफाफ्यावर आणि आतल्या अर्जावर लागतो. क्रमांक नसलेला लिफाफा तिथे पोचतो, पण कोणाच्या खात्यात टाकायचा ते कळत नाही. लिफाफा विद्यापीठाने बंद करून जोडावर सही-शिक्का मारलेला हवा. तुमच्या हातात दिला तर फोडायचा नाही. एक संच जास्तीचा काढून ठेवा, पुढे नोकरीसाठी किंवा दुसऱ्या संस्थेसाठी लागतोच. प्राचार्यांच्या सहीचे साक्षांकन आणि विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेने कुठली मागितली ते तिच्या यादीत शब्दशः वाचा.

माधवी_च

खूप आभार. नावाचं काय करायचं? आणि फॉर्मवरच्या यादीत "नागपूर विद्यापीठ" वेगळं दिसत नाही, लांब नाव दिसतं.

अंबाझरी

लांब नावच निवडा. ४ मे २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे अधिकृत नाव आहे. विद्यापीठ तेच, फक्त नाव बदललं. २००५ च्या आधीच्या पदवीवर जुनं नाव असेल तर तेही काही चुकीचं नाही.

स्वतःच्या नावाबद्दल: ट्रान्स्क्रिप्ट नोंदीतल्या नावानेच मिळेल, लग्नामुळे जुनी नोंद बदलत नाहीत. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि पासपोर्टवर वेगळा, त्यामुळे नुसता क्रम बदललेला असला तरी परदेशात प्रश्न विचारतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा आणि मूल्यांकनाच्या खात्यात "पूर्वीचं नाव" या रकान्यात गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच टाका. इंग्रजी स्पेलिंग सगळ्या गुणपत्रिकांवर सारखं आहे ना, हेही बघा. चूक विद्यापीठाच्या छपाईतली असेल तर ट्रान्स्क्रिप्टच्या आधी ती दुरुस्त करून घ्या. नंतर केली तर दोन्ही कागद पुन्हा काढावे लागतील.

वाचक_यवतमाळ

इथेच विचारतो. सासऱ्यांची १९८१ ची बी.कॉम., यवतमाळ. गुणपत्रिका हरवली आहे. अमरावतीला जायचं का?

टीआर_रजिस्टर

नाही, नागपूरला. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. त्याआधी यवतमाळ, अकोला, बुलडाणा, अमरावती हे सगळं नागपूरच्या अखत्यारीत होतं. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं तेव्हा त्याचं क्षेत्र मध्य प्रांत आणि वऱ्हाड असं मोठं होतं. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. त्याआधी इथली कॉलेजं अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं, म्हणजे कॉलेजं विद्यापीठाहून कितीतरी जुनी. मग १९४६ ला सागर विद्यापीठ वेगळं झालं. त्याचे संस्थापक हरिसिंग गौर आधी नागपूरचेच कुलगुरू होते. पुढे अमरावती, मग गोंडवाना. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरलेत. एवढ्या वाटण्या झाल्या म्हणूनच आधी साल बघा, मग जिल्हा.

हरवलेल्या गुणपत्रिकेसाठी पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र लागेल. मुद्रांक किती रुपयांचा हे विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. आसन क्रमांक आठवत नसेल तर आधी कॉलेजच्या जुन्या प्रवेश नोंदवहीतून आणि कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या नोंदीतून तो काढायचा प्रयत्न करा. तो मिळाला की अर्धं काम झालं. सासरे स्वतः येऊ शकत नसतील तर त्यांचं सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा.

अंबाझरी

याच नियमाचे आणखी फाटे, कारण हे प्रश्न नेहमी येतात. व्हीआरसीईची (विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, नागपूर) जुनी बी.ई. नागपूर विद्यापीठाची. २००२ ला त्याच कॉलेजचं व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) झाल्यावर ते स्वतः पदवी देऊ लागले. एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९४२ पासून विद्यापीठाचीच संस्था होती, २०२३ ला स्वतंत्र विद्यापीठ झाली, म्हणून जुन्या बी.टेक.ची नोंद नागपूर विद्यापीठाकडची. वैद्यकीयसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं, तिथेही प्रवेशाचं साल आणि गुणपत्रिकेवरचं नाव बघा. स्वायत्त कॉलेजचं वेगळंच आहे: परीक्षा कॉलेज घेतं, पदवी विद्यापीठ देतं, त्यामुळे गुणांसाठी कॉलेजचा परीक्षा विभाग आणि पदवीसाठी विद्यापीठ अशा दोन खिडक्या.

अलीकडच्या वर्षांच्या पदव्या डिजिलॉकरवर (सरकारी ऑनलाइन कागदपत्र-साठा) सापडू शकतात, आधी तिथे बघा. १९८१ ची शोधत बसू नका.

माधवी_च

पदवी प्रमाणपत्राचा अर्ज आधी करते. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं प्रमाणपत्रही मागितलंय, ते कोण देतं?

धरमपेठ

ते सहसा कॉलेजचे प्राचार्य देतात, म्हणजे चंद्रपूरलाच जावं लागेल. कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या. अभ्यासक्रमाची प्रत मागितली असेल तर तीही त्याच फेरीत कॉलेजच्या ग्रंथालयात शोधा, पण तुमच्या वर्षाची. नंतरचा सेमिस्टर पद्धतीचा अभ्यासक्रम दिला तर विषय गुणपत्रिकेशी जुळणार नाहीत.